मरळ दोरी नेते तेव्हा

करुणाचं पत्र दिवाळीनंतर आलं आणि अजून मी त्याला उत्तर दिलेलं नाही. ती माझ्या मित्राची, श्रावणची एकुलती मुलगी, गोंदियाला नर्स आहे. "काका, तुम्ही फोन उचलत नाही असं बाबा सांगायचे, म्हणून पत्र लिहिते," अशी तिने सुरुवात केली आहे. पुढे एवढंच, की बाबांची काठी आणि गळ तिच्याकडे आहेत, पण बाबांनी तिला तळ्यावर कधी नेलं नाही. उन्हाळी धानाला पाणी सोडलं की तळं उतरेल. त्याआधी एकदा मी तिला मरळ धरायला नेईन का?

यात अवघड काय आहे? पण श्रावणसोबत इतकी वर्षं जाऊनही माझ्या हाताने एक मरळ काठावर आलेली नाही. मी वाचनालयात पुस्तकं देणारा माणूस. गळाला बेडकी लावायची ती श्रावणने. मी शेजारी बसायचं. मी तिला काय शिकवणार? उत्तर लिहायला घेतो आणि फाडतो.

आज दुपारी जेवून आरामखुर्चीत पडलो आहे. चष्मा टेबलावर. छातीवरचं पुस्तक श्वासाबरोबर वरखाली होतं, मग होडीसारखं डुलू लागतं, आणि माझे पाय ओले होतात.

वाचनालयात घोट्यापर्यंत पाणी आहे. कपाटांमधल्या वाटांत कमळाची पानं पसरली आहेत. कुणाला त्याचं काही वाटत नाही. माझ्या टेबलावर श्रावण बसला आहे, पाय पाण्यात सोडून. पोळ्याआधी त्याच्या तिरडीला मी खांदा दिला होता हे मला आठवतं, पण ते बोलून दाखवणं बरं दिसणार नाही.

"काऊन बे ग्रंथपाल, भरदुपारी झोपतं?"

"हळू बोल. वाचक आहेत."

"वाचक कुठचे? बगळे होत ते."

खरंच बगळे आहेत. छतही नाही. आम्ही तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, बसलो आहोत आणि काठी माझ्या हातात आहे.

"दोरी बोटावर घे," तो म्हणतो. "डोळ्यानं नाही कळत. बोटानं कळते."

मी तर्जनीवर दोरी घेतो. ती लगेच सरकू लागते.

"लागली! ओढू?"

"थांब. नेऊ दे तिले."

हे मला पाठ आहे. मरळ बेडकी आधी नुसती तोंडात धरते, दूर नेते आणि मग गिळते. आधी ओढलं तर गळ सुटतो. फार थांबलं तर ती पाणवनस्पतीत शिरून दोरी गुंतवते. दोरी जाते आहे. बोटाला काचते आहे.

"आता?"

तो बगळ्यांकडे बघत बसतो.

"श्रावण, आता का रे?"

"मले काय विचारतं? बोट तुझं."

मी थांबतो. आणखी थांबतो. दोरी अडकून जड होते.

"घुसली झाडोऱ्यात," श्रावण हसतो. "घाई करून तुझी एकही सुटली नाही बे. साऱ्या थांबून थांबून गेल्या."

मी खाली बघतो. "करुणाचं पत्र आलंय."

"माहीत आहे."

"मला हे काम येत नाही."

"मले तरी कुठं येत होतं? निम्म्या वेळा रिकाम्या पिशवीनं घरी. करुणाची माय विचारे, मंग दिवसभर दोघं करता काय?"

"तू काय सांगायचास?"

"बसतो म्हणत होतो."

मला हसू येतं. तो मात्र हसत नाही. आता तो सायकल चालवतो आहे आणि मी मागे कॅरियरवर, मांडीवर काठी धरून. रस्ता तळ्याकडचाच.

"करुणा लहान होती तवा सायकलमागं धावे," तो वळून न बघता म्हणतो. "मले बी ने म्हणे. पण मागं तू बसून राहे."

मी वळतो. धुळीत एक लहान मुलगी धावत येते आहे. फ्रॉक गुडघ्यापर्यंत ओला.

"तू कधी बोलला नाहीस मला."

"तू बी कधी उतरला नाही."

"मग आता?"

"अजून धावून राहिली ते. उतर ना."

बोटावरची दोरी एकदम आवळते. मी पाय खाली टाकतो.

पायाखाली गार फरशी आहे. पुस्तक खाली पडलं आहे. उजव्या तर्जनीवर आडवा लाल वळ आहे, बारीक, खोल. चष्म्याची दोरी गुंडाळली गेली असेल, असं मी मनाशी म्हणतो. चष्मा दोरीसकट टेबलावर आहे, ठेवला होता तसाच.

मी कागद घेतो. लिहिताना बोट ठणकतं.

"प्रिय करुणा, पत्र मिळेल त्या आठवड्यातल्या रविवारी ये. काठी आण. मरळ लागेलच असं नाही, आणि लागली तर दोरी कधी ओढायची ते मला नीट सांगता येणार नाही. पण तुझे बाबा कुठे बसायचे ते दाखवीन. तिथे तू बस."

पुन्हा वाचत नाही. वाचलं तर फाडीन.

नाक्यावरच्या पेटीत पत्र अर्धं घालून, बोटाने धरून मी सवयीने थांबतो. वळ फिकट होत चालला आहे, पण आहे अजून. मी बोट उचलतो. पत्र आत पडल्याचा आवाज येतो.