सरव्याचा हुकूम

अमरावती सोडली तेव्हाच मी कंटाळलो होतो. लेकीला भेटायला पुण्याहून अमरावतीला आलो होतो, तिथून अकोल्याच्या कचेरीतल्या मेहुण्याकडे निघालो. पुढे कापसाच्या गाड्या, मागे कापसाच्या गाड्या, आणि मधल्या धुळीत आमची दमणी (हलकी बैलगाडी). सातासमुद्रापलीकडे लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. ज्वारी मात्र शोधून सापडेना.

बडनेऱ्यापुढे चाकाची लोखंडी धाव निखळली. गाडीवान करीमभाई ती ठोकत असताना एक म्हातारी आली.

"दादा, अकोल्याले चाल्ले का? मले घ्या. सायबाले भेटाचं हाय."

चंद्राबाई तिचं नाव. शेत नाही, मूल नाही. पीक निघाल्यावर रानात उरलेला सरवा (गळालेली कणसं, चुकार बोंडं) वेचून ती जगे. तो गरिबांनी न विचारता घ्यायचा, अशी तिकडची रीत. यंदा एका पाटलाने तिला हाकललं होतं.

"बाकीचे शेतकरी?" मी विचारलं.

"ते काई म्हनत नाई. पन उद्या म्हनतीन. सरकारनं एकडाव सांगून टाकलं म्हंजे झालं."

"काहून इचारतं माय?" करीमभाई म्हणाले. "इचारलं का मंग जबाब येते."

मूर्तिजापूरला भाकरी-झुणका घेतला. तिने अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी पदरात बांधली.

अकोल्याचा साहेब वाईट नव्हता. माझ्या मेहुण्याकडून त्याने सगळं समजून घेतलं. सडकेच्या कामावर गिट्टी फोडायला जा म्हणाला, मग तिचे हात पाहून ते मागे घेतलं. शेवटी हुकूम दिला: शेतमालकाची परवानगी घेऊन गरिबांनी सरवा वेचावा. चंद्राबाईने जमिनीला डोकं टेकलं. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

आठवड्याने अमरावतीला लेकीकडे परतताना तिच्या गावाशी थांबलो. दवंडी पिटून झाली होती. वेचणी संपलेल्या शिवारात चुकार बोंडं पांढरी दिसत होती आणि बांधावर बायका रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. इतकी वर्षं जे काही बोलत नसत, ते शेतकरीही आता परवानगी मागा म्हणत, आणि मागितली की देत नसत.

चंद्राबाई त्या बायकांपासून लांब बसली होती. मला फार वाईट वाटलं. पुन्हा साहेबाला सांगून पाहू का, असं मी विचारलं.

"नोको दादा," ती म्हणाली. "आंधी मले एकाच वावरातून हाकललं होतं."

करीमभाईंनी बैल हाकले. पुण्याला पोचेपर्यंत मी त्या साहेबाला मनातल्या मनात खूप सुनावलं, आणि प्रत्येक वेळी त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं.