काकवीत मुरवलेली तंबाखू

आमच्या घरात आबांना कुणी नाही म्हणत नाही. ही तक्रार नाही, माहिती आहे.

आबा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत त्यांनी उभा जन्म साचे बनवण्यात घालवला. तिथल्या घोंघाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती लागलीच. निवृत्त झाले तेव्हा भट्टी तिकडे राहिली, आवाज घरी आला. जेवताना "मीठ" म्हणाले तरी शेजारच्या तारामावशींच्या हातातला तांब्या पडायचा.

तरुणपणी त्यांना पाईपचा नाद होता. फौंड्रीत यंत्र बसवायला आलेल्या कुणा परदेशी फिटरनं जाताना स्वतःचा पाईप यांना दिला होता. मी जन्मलो तेव्हा आईनं "पोरगं पायजे का पाईप" असा सरळ सवाल टाकला आणि पाईप ट्रंकेत गेला. (निर्णयाला दोन दिवस लागले, असं आई सांगते. मी तो विषय वाढवत नाही.)

साठी उलटल्यावर आबांनी ट्रंक उघडली. आणि नेमका त्याच सुमाराला मी व्यसनमुक्तीच्या कामात पडलो होतो.

मी पत्रकं लिहायचो. एका हातानं तंबाखूवर कर गोळा करायचा आणि दुसऱ्या हातानं कर्करोगाच्या दवाखान्याची फीत कापायची, या सरकारी दुटप्पीपणाचा मी तेव्हाही निषेध करत होतो, आजही करतो. 'तंबाखू इतकी महाग करा की ओढणाऱ्याचा हात खिशातच थांबला पाहिजे', हे वाक्य माझंच. बिंदू चौकात उभं राहून मी ते स्वतः वाटलंय. वाटता वाटता एक पत्रक आबांच्या हातात गेलं, कारण ते भाजी घेऊन तिथूनच चालले होते.

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली.

"हे तू लिवलंयस?"

"व्हय."

"महाग करा म्हनतोस?"

"म्हणजे... हळूहळू."

आबांनी पत्रकाची घडी घातली आणि खिशात ठेवली. आबा ओरडले तर माणूस पळून तरी जाऊ शकतो. ते गप्प बसले की कुठं पळायचं तेच कळत नाही.

पुढं खरोखरच भाव चढले. त्यात माझ्या पत्रकाचा वाटा किती हे मला माहीत नाही, पण आबांना माहीत होतं. पाईपच्या तंबाखूची विलायती डबी आधीच एवढी महाग, की तेवढ्यात आमच्याकडं आठवडाभर तांबडा-पांढरा रस्सा झाला असता. आता तर दुकानदार ती डबी सोनाराच्या अदबीनं दाखवायला लागला. मला वाटलं, जिंकलो. आता आबांचा हात खिशातच थांबणार.

हात थांबला नाही, उचगावला गेला. तिथं आबांच्या दोस्ताचं गुऱ्हाळ होतं. आबांनी निपाणीहून विडीची साधी तंबाखू आणली, गुऱ्हाळावरच्या ताज्या काकवीत कालवली, चुलवाणाच्या उबेला ठेवून मुरवली आणि पत्र्याच्या डब्यात दाबून घरी आणली. विलायती तंबाखूलाही असलाच काहीतरी गोडवा लावतात, हे त्या फिटरनं त्यांना सांगितलं होतं म्हणे. उसाच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला एवढी माहिती पुरली.

आता रोज सकाळी आमच्या गच्चीवरून जळक्या गुळाचा वास सुटायला लागला. वाईट गोष्ट अशी की तो फार छान वास होता.

"काय करायलाईसा वो वैनी?" तारामावशींनी भिंतीवरून विचारलं. "पाक धरलाय काय?"

"तिळाचं लाडू," आई म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

संक्रांत होऊन महिना झाला होता. तरी मावशी म्हणाल्या, "मग दोन पाठवा की."

झालं. एका थापेसाठी आईला खरोखरच तीळ भाजावे लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वास, पुन्हा मावशी, पुन्हा लाडू. आठवड्यानं मावशींना तोंड यायची वेळ आली, पण वास काही थांबेना.

तुम्ही म्हणाल, एवढं लपवायचं कशाला? तर आमची गल्ली 'तंबाखूमुक्त गल्ली' म्हणून जाहीर होणार होती. सहा महिने मी त्यासाठी घरोघर फिरलो होतो. पानटपरीवाल्याच्या पाया पडून टपरी कोपऱ्यापलीकडं सरकवली होती. येत्या रविवारी सकाळी तालमीसमोर पाटी लागणार, पुण्याहून एक निवृत्त डॉक्टर बाई उद्घाटनाला येणार. आणि त्याच्या आत कुणी मान वर करून पाहिलं असतं, तर चळवळीच्या कार्यकर्त्याच्याच गच्चीवरून धूर निघताना दिसला असता. मला आबांच्या फुप्फुसांची भीती होती. पाटीची त्याहून जास्त होती. आणि आबांची सगळ्यात जास्त.

शनिवारी धीर करून त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"आबा, उद्या सकाळी जरा..."

"जरा काय?"

"जरा ते..."

"बोल की. तोंडात काय भरलंयस?"

"जरा लवकर आंघोळ करा," मी म्हणालो.

"का? मी वास मारायलोय?"

आता यावर खरं उत्तर देणं शक्य होतं, पण मग घरात राहणं शक्य नव्हतं.

"अवो, त्याला कायतरी सांगायचंय," आई मध्ये पडली.

"न्हाय, न्हाय," मी म्हणालो. "एवढंच होतं."

आई माझ्याकडं बघत राहिली. हाच मुलगा कलेक्टर कचेरीसमोर गळ्याच्या शिरा ताणून घोषणा देतो, यावर तिचा त्या दिवशी विश्वास बसला नसावा.

रविवारी आबा खरंच लवकर आंघोळीला गेले. मी गच्चीवर धावलो, टाकीमागं ठेवलेला आबांचा पाईप आणि तो पत्र्याचा डबा उचलला आणि माझ्या शबनम पिशवीत कोंबला. बेत साधा होता. पिशवी मित्राच्या घरी टाकायची, कार्यक्रम उरकायचा, दुपारी गुपचूप सगळं जागेवर ठेवायचं. पण खाली उतरतो तोच दारात डॉक्टर बाई. पुण्याची माणसं वेळेवर येतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"चला, तुम्हीच का ते? फार ऐकलंय तुमच्याबद्दल," असं म्हणत बाई मला घेऊनच तालमीकडं निघाल्या. पिशवी खांद्यावर.

व्यासपीठावर गेलो. समोर सगळी गल्ली. पहिल्या रांगेत आबा, ओले केस, इस्त्रीचा सदरा आणि चेहरा असा की भट्टी पेटलेली. पाईप सापडला नव्हता, हे मला लांबूनही कळत होतं. त्यांची नजर आधी माझ्या तोंडावर होती. मग ती पिशवीवर आली आणि तिथंच थांबली.

मी बोलायला उभा राहिलो. "बंधू-भगिनींनो, तंबाखू हा आपल्या अंगावर चढणारा शत्रू..."

एवढं बोललो आणि मानेला काहीतरी चावलं.

काकवी, महाराज. डब्याचं झाकण सैल होतं. टाकीमागं दोन आठवडे त्या डब्यावर मुंग्यांनी संसार थाटला होता, हे मला घाईघाईत पिशवीत कोंबताना दिसलं नव्हतं. आता तांबड्या मुंग्या पिशवीच्या पट्ट्यावरून रांगेनं माझ्या कॉलरीत उतरत होत्या. पिशवी काढावी तर आबा बघतायत. ठेवावी तर मुंग्या.

"हा शत्रू," मी मानेवर चापट मारली, "हळूच शिरतो," काखेत चापट मारली, "आणि मग आतून," इथं मी कुठं चापट मारली ते लिहीत नाही, "पोखरतो!"

टाळ्या पडल्या. "पोरगं तळमळीनं बोलालंय," मागून कुणीतरी म्हणालं.

तळमळ वाढत गेली. शेवटी एक मुंगी अशा ठिकाणी चावली की मी उडीच मारली. पिशवी खांद्यावरून निसटली, डबा आपटून उघडला, काळी चिकट तंबाखू व्यासपीठभर पसरली, आणि पाईप गडगडत जाऊन बरोबर आबांच्या पायाशी थांबला.

तालमीसमोर एवढी शांतता मी कुस्ती निकाली होतानाही पाहिली नव्हती. तारामावशींनी नाक वर करून वास घेतला आणि सावकाश म्हणाल्या, "लाडू."

डॉक्टर बाईंनी चष्मा सारखा केला. "हा पाईप कुणाचा आहे?"

मी आबांकडं बघितलं. आबांनी माझ्याकडं बघितलं. एका बाजूला माझी चळवळ, माझी पत्रकं, सहा महिन्यांची पायपीट. 'वडिलांचा' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो घशापर्यंत आलासुद्धा. पण दुसऱ्या बाजूला आबा होते आणि रात्रीचं जेवण मला त्यांच्यासमोरच बसून करायचं होतं.

"माझा," मी म्हणालो.

आबा उठले. शांतपणे व्यासपीठावर चढले. आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की उरलेल्या मुंग्यासुद्धा खाली पडल्या.

"लाज न्हाय वाटत?" ते गरजले. "बापाच्या माघारी असलं धंदं करतोस?"

सगळी गल्ली उभी राहून टाळ्या वाजवायला लागली.

"वडील असावेत तर असे," डॉक्टर बाई भारावून म्हणाल्या. मग त्यांनी माईकवर सांगितलं, की व्यसन कबूल करणं ही सुटकेची पहिली पायरी आहे, या तरुणानं आज ती सर्वांसमोर ओलांडली आणि म्हणून पाटीचं उद्घाटन या वडिलांच्याच हस्ते व्हावं. आबांनी एका हातानं पडदा ओढला. दुसऱ्या हातात पाईप होता. "ह्यो मी जप्त केला," त्यांनी लोकांना सांगितलं आणि खिशात घातला.

घरी आल्यावर आईनं पाठीला खोबरेल लावून दिलं. गच्चीवरून खोकला ऐकू आला, मग तोच गोड वास. (आबांनी दुसरा डबाही भरून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.) मी जिन्याच्या खालच्या पायरीवरून, म्हणजे सुरक्षित अंतरावरून, विचारलं, "आबा, आता तरी सोडायचं काय?"

"सोडलंस की तू," वरून उत्तर आलं. "सगळ्या गल्लीदेखत."

आता मला गावोगावी भाषणाला बोलावतात. चळवळीतला कार्यकर्ता म्हणून नाही, सुधारलेला व्यसनी म्हणून. पाटी अजून तालमीसमोर आहे, तिच्याखाली उभं राहून लोक बिनघोर मळतात आणि ओढतात. आमच्या अख्ख्या गल्लीत तंबाखू सुटलेला माणूस एकच आहे, आणि त्यानं ती आयुष्यात कधी ओढलेली नाही.