हेर नेव्हिल यांची पेन्सिल

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधले माझे घरमालक हेर, म्हणजे श्रीयुत, नेव्हिल कोणावरही विश्वास ठेवत नसत. रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकला की खिडकीबाहेर हात काढून बघत. पोस्टानं आलेल्या पाकिटावरचा शिक्का भिंगाखाली धरत. आयुष्यभर त्यांनी रेल्वेचे सिग्नल तपासले होते. निवृत्त झाल्यावर माणसं तपासत. पीएचडीसाठी मी त्यांच्या दारात पोचलो, तेव्हा विद्यापीठाचं पत्र हातात घेऊन त्यांनी माझ्यासमोरच प्रोफेसरांच्या ऑफिसात फोन लावला. "असा माणूस खरंच यायचा आहे का?" मी दोन बॅगा धरून उभा.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर एक कागद होता. नेव्हिल घराण्याची वंशावळ. नाव मूळचं फ्रान्सच्या नॉर्मंडीतलं. तिथल्या सरदारांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्या मागोमाग ते तिकडे गेलं, मग आयर्लंडला. पुढे इंग्लंड आणि हानोव्हरचा राजा एकच होता त्या काळात कोणी एक नेव्हिल राजाच्या घोड्यांबरोबर जर्मनीत आला आणि इथलाच झाला. कागदावर खालच्या चार पिढ्या शाईत होत्या, वरचं सगळं पेन्सिलीत. "दाखला असेल तर शाई. तोंडी सांगितलेलं पेन्सिल," ते म्हणत. "मग सांगणारी माझी सख्खी आजी का असेना."

नॉर्मंडीत त्या नावाची, त्यासारख्या नावाची गावं बरीच आहेत. दर उन्हाळ्यात ते एकेका गावी जात आणि दफनभूमी पालथी घालत. एकाही दगडावर नेव्हिल सापडला नव्हता. "पाद्री जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या लपवतात," ते मला दबक्या आवाजात सांगत. "सगळेच्या सगळे कसे जातील? एक तरी मागे राहिला असेल की नाही?"

पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं, "हेर पिंपळगावकर, तुमचं नाव कुठून आलं?"

आपल्याकडे आडनावाची चौकशी म्हणजे कशाची चौकशी असते, ते तुम्हाला सांगायला नको. एवढ्या लांब येऊनही तीच चौकशी वाट्याला आली. मी म्हटलं, "माहीत नाही." काही आठवड्यांनी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पिंपळगावकरच" असं सांगून सुटलो. सुटलो, असं मला वाटलं.

जानेवारीतल्या एका रविवारी त्यांनी कॉफीला बोलावलं. केकच्या बशीशेजारी दोन चिठ्ठ्या मांडल्या होत्या. दोन्हींवर तारीख आणि माझं उत्तर.

"यातलं खोटं कोणतं?"

मी दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या.

"सिग्नल दोनदा वेगळा दिसला तर मी गाडी सोडत नसे. पुढच्या रविवारपर्यंत सांगा. नाहीतर दुसरी खोली बघा."

ही खोली मिळायला मला चार महिने लागले होते. शिवाय खोटं पकडलं गेल्याची लाज वाटत होती ती वेगळीच. मी घरी आबांना फोन केला. वाटलं होतं, वडील म्हणतील, मार काहीतरी थाप. आबा म्हणाले, "सांग की खरं. आपण काय चोरी केली का कुणाची?" आणि तासाभरात त्यांनी शाळा सोडल्याच्या स्वतःच्या दाखल्याचा फोटो पाठवला.

रविवारी मी सांगितलं. आमचं जुनं आडनाव ऐकलं की लोक ओंजळीत वरून पाणी ओतत. आबा तालुक्याच्या वसतिगृहात शिकायला गेले, तेव्हा तिथल्या गुरुजींनी ते नाव खोडलं आणि गावावरून पिंपळगावकर लिहिलं. म्हणजे आमचं आडनाव आबांच्या शिक्षणाएवढंच जुनं.

"मग गावातले बाकीचे पिंपळगावकर?" त्यांनी संशयानं विचारलं.

"एकही नाही. गावात सगळेच पिंपळगावचे, कोण कोणाला पिंपळगावकर म्हणणार? जो गाव सोडतो, त्यालाच ते नाव पडतं."

हेर नेव्हिल यांनी कप खाली ठेवला. ते उठून भिंतीवरच्या कागदापाशी गेले. मग पुटपुटले, "म्हणजे ते बिचारे पाद्री..." आणि मोठ्यानं हसले. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी कोरं कार्ड काढलं. फोटोतला दाखला माझ्याकडून अक्षर-अक्षर लावून घेत भिंगाखाली दोनदा तपासला आणि आबांचं नाव शाईनं लिहिलं. आजोबांचं, जुन्या आडनावासकट, पेन्सिलीनं. त्या आडनावाचा अर्थ ते विचारतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी विचारला नाही. दाखला नव्हता, त्यांच्यापुरता विषय संपला होता. "माझा घोडेवाला अजून पेन्सिलीतच आहे," ते म्हणाले. "तुमचे वडील पक्के."

पदवी घेऊन मी फ्रँकफर्टला नोकरीला लागलो. निघताना मी परत केलेली किल्ली त्यांनी कुलपात फिरवून बघितली, मगच हात मिळवला. ते गेल्याचं त्यांच्या मुलीनं, ऊटेनं, या वसंतात कळवलं. घर रिकामं करायच्या आधी एकदा येऊन जा, म्हणाली.

भिंतीवर कागद तसाच होता. नॉर्मंडी, इंग्लंड, आयर्लंड, सगळं पेन्सिलीत. फक्त वरच्या कोपऱ्यात, नॉर्मंडीशेजारी, त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ नवी होती: "गाव सोडणाऱ्यालाच गावाचं नाव पडतं. हेर पिंपळगावकर यांनी तोंडी सांगितलं."

मी जवळ जाऊन बोटानं हलकेच पुसून पाहिलं. शाई होती.