बरणीला पाडलेलं भोक

सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीच्या तळाला मी ड्रिलने भोक पाडलं होतं. तेव्हा मी पंचविशीतली नवी सून, हातात घरसजावटीचं मासिक आणि डोक्यात एकच खूळ: आफ्रिकन व्हायोलेटची रोपं जुन्या चिनीमातीच्या भांड्यातच शोभतात! मुळाशी पाणी साचलं की ती कुजतात, एवढंही वाचलं होतं. अर्धवट वाचणारी बाई फार घातक.

आज शेजारणीच्या खिडकीत तश्शाच बरण्या दिसल्या, खाली पिवळट, वर तपकिरी, आणि त्यांत जांभळी व्हायोलेट. "काकू, भोक कशाला पाडायचं? प्लॅस्टिकची कुंडी नुसती आत ठेवायची," ती म्हणाली. असा संताप आला! तिचा नाही, त्या पंचविशीतल्या दीडशहाणीचा. इतकं सोपं होतं, गाढवे!

मग राग आला आपल्या सगळ्यांच्याच नजरेचा. लोणचं मुरवत होत्या तोवर या बरण्यांना कोणी सुंदर म्हटलं नाही. रिकाम्या झाल्या आणि शोभेच्या ठरल्या. माणसांचंही आपण हेच करतो. सासूबाईंचे हळदीने पिवळे झालेले हात मला देखणे वाटू लागले ते त्यांच्या फोटोला हार घातल्यावर. त्या होत्या तेव्हा त्याच हातांना मी तेलकट म्हणत होते.

भोक पाडलं त्या दिवशी सासूबाई ओरडल्या नाहीत. रोप लावायच्या आत त्यांनी बरणी उचलली, तिच्या तोंडाला डोळा लावला आणि भोकातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "फुलं गोड आहेत हो, सूनबाई. पण उद्या कैऱ्या यायच्यात. त्या काय तुझ्या डोक्यात मुरवू? जागा तर पुष्कळ दिसतेय!"