धक्क्यावर काढलेले बूट

सायकल सहलीच्या अकराव्या दिवशी नवऱ्याचा गुडघा सुजला, म्हणून मला बोटीत बसायला मिळालं. त्याच्या गुडघ्याचं मला वाईट वाटलं, पण फार नाही. दहा दिवस आम्ही डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतून ऑस्ट्रियात सायकल मारत होतो आणि रोज सकाळी "आज सगळं सपाट आहे" असं सांगून तो मला चढावर घालत होता. तो मुलुंडचा. येऊरच्या डोंगराकडे बघत वाढलेल्या माणसाला बाकी सगळं सपाटच वाटत असावं.

त्या दिवशी मात्र त्याने स्वतःहून ब्रेक घेतला. समोर धक्का होता, एका तासाच्या फेरीची पाटी होती. "बसूया?" तो म्हणाला. मी त्याचं वाक्य संपायच्या आत सायकलला कुलूप लावलं.

मी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. बाबाची स्वतःची होडी, आणि तरी तिच्यात बसून मी एकदाही समुद्रावर गेलेली नाही. आमच्यात पुरुष होडीवर जातात. मासळी किनाऱ्याला लागली की पुढचं सगळं बायकांचं. मी त्यातलंही काही केलं नाही. शिकले, ऑफिसात लागले, लग्न करून बोरीवलीला सोसायटीत राहायला गेले. आता बाबाने होडी विकायला काढली होती. गिऱ्हाईक ठरलेलं, नारळी पुनवेला नारळ देऊन झाला की होडी द्यायची. म्हणजे पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून ती पाण्यात उतरेल तेव्हा एकच संधी होती. "मला एकदा ने" एवढंच बाबाला म्हणायचं होतं. निघण्यापूर्वी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा पापलेटचा भाव विचारून ठेवून दिला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी असला हट्ट करायची मला लाज वाटत होती.

तर बोट. पांढरी, स्वच्छ, वर छत्र्या, आत केक. कशाचाच वास नाही. नवरा लंगडत पुढे चढला, मी मागून. बोट सुटली. दहाएक मिनिटांनी इंजिनाचा आवाज कमी झाला आणि कप्तान लाउडस्पीकरवर गंभीरपणे काहीतरी बोलू लागला. आधी जर्मनमध्ये, मग इंग्रजीत. धक्क्यावर एका बाईचे बूट सापडलेत, अगदी पाण्याच्या कडेला, नीट जोडून ठेवलेले. कोणी पाण्यात पडलंय का? आपल्यासोबतचं माणूस जागेवर आहे ना, सगळ्यांनी बघून घ्या.

लोक घाबरून एकमेकांकडे बघू लागले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली, माझ्या मोज्यांकडे.

"अगं, हे काय!"

होडीत पायताण घालून चढायचं नाही. आमच्याकडे मूल चालायला लागलं की आधी हे शिकवतात. मी काही ठरवून बूट काढले नव्हते, पायांनीच काढले. मी हात वर केला. कप्तान स्वतः खाली आला. म्हातारा होता, पांढऱ्या मिशांचा. बूट का काढले म्हणाला. मी सांगितलं, आमच्याकडे बोटीवर असंच चढतात, माझे वडील मच्छीमार आहेत. तो म्हणाला, इथे काठावर असे बूट दिसले की कोणीतरी जीव दिला असं समजतात. मी म्हटलं, आमच्याकडे कोणीतरी कामाला गेलं असं समजतात. त्याने स्वतःच्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि वर निघून गेला. इंजिन पुन्हा चालू झालं.

हे बाबाला सांगायलाच हवं होतं. तिकडे दुपारचे साडेचार, पाऊस, बाबा घरीच. मी व्हिडिओ कॉल लावला. बाबा पोट धरून हसला. "बरोबर केलंस गो बाय. त्या कप्तानाला सांग, बूट काढ म्हणावं." मग मोटार कुठली, सुकाणू कुठे, सगळं दाखवायला लावलं. इतक्या खुशीत त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हटलं, आत्ताच विचारावं.

"बाबा, पुनवेला होडी उतरवशील ना, तेव्हा मला घेऊन चल. एकदाच. मग दे त्यांना."

बाबा कॅमेऱ्यातून बाजूला झाला. आता पडद्यावर नुसता पंखा दिसत होता.

"होडी गेली गो. गेल्या आयतवारी. त्यांना घाई होती, ट्रेलर घेऊन आले."

"मला का नाय सांगितलंस?"

"तू सायकलीवर. परक्या रस्त्याला लक्ष नको?" मग तो म्हणाला, "तुला यायचं होतं, हे तू कधी बोलली नाय."

"बायकांना नेत नाहीत ना पण."

"एकदा बोलली असतीस तर नेली असती. कोण काय बोलणार होता मला? मला वाटला, बोरीवलीला गेली, आता हिला आपला वास येतो."

मी काहीतरी गोड बोलू शकले असते. पण लग्नानंतर माहेरून परत निघताना मी साडी बदलायचे, स्टेशनवर जाण्याआधी केस धुवायचे. हे त्याला दिसत होतं, आणि त्याला दिसतंय हे मला ठाऊक होतं.

"वास यायचा, बाबा," मी म्हटलं.

"हां," तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

नवरा केकची बशी घेऊन आला, माझा चेहरा बघून बशी खाली ठेवून पलीकडे जाऊन उभा राहिला. बाबा परत पडद्यावर आला. चष्मा लावून आला होता.

"फोन फिरव. पुढं पाणी दिसतं का बघू दे."

मी मोज्यांनीच बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, नाळेपर्यंत गेले आणि फोन पाण्याकडे धरला. फेरी संपायला पंचवीस मिनिटं होती. बाबा चष्म्यातून पाणी बघत राहिला. हात दुखायला लागला तेव्हा मी फोन दुसऱ्या हातात घेतला.