मोकळ्या पट्टीला चिकटवलेलं दुःख

मी माझ्या धाकट्या बहिणीवर जळतो. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

मी बुलढाण्यात शाळेवर चित्रकलेचा मास्तर. वनिताला पेन्सिल धरायला मीच शिकवलं. पण हे जळणं तिच्यापासून सुरू झालेलं नाही.

चित्रकलेच्या पदविकेला होतो. कागदभर नुसत्या शाईच्या रेघा ओढल्या होत्या. माणूस नाही, झाड नाही. वर्गातल्या नानासाहेबानं तो कागद उचलला. डोणगावकडचा, मोठ्या जमिनीवाल्या घरातला. सगळ्यांसमोर कागद उलटा धरला, सुलटा धरला.

"कोनीकडून पाहू बे? हे तुह्यं काम नोहे. तू झोपडं काढ, रडणारी माय काढ. तुमच्या लोकायले तेच शोभते."

वर्ग हसला. सर हसले. मीही हसलो.

त्यानंतर झोपड्याच काढल्या. फाटके हात, रिकामी गाडगी. बक्षिसं मिळाली. त्यातली एकही रेघ माझी नव्हती.

वनितानं असलं कुणाचं ऐकलं नाही. देऊळघाटच्या आमच्या घरात फरशीवर कागद पसरून ती काळ्या रंगाचे थर देत राहिली. यंदा बुलढाण्याच्या संग्रहालयात अमूर्त चित्रांचं प्रदर्शन लागलं, सगळी कागदावरची. मी लपूनछपून रेघांचं एक पाठवलं होतं. ते परत आलं. तिचं भिंतीवर लागलं.

उद्घाटनाला समितीचा अध्यक्ष म्हणून नानासाहेबच. त्याचंही चित्र होतं, लाल गोळे. गोळे कशाचे, हे त्याला कुणी विचारलं नाही. तो वनिताच्या चित्रापुढे थांबला. सगळा कागद काळा, मधून एक पांढरी पट्टी, रंग न लागलेली.

"बाई, याच्यात तुमच्या समाजाचं दुःख कुठीच दिसून नाही राह्यलं?"

"तुमच्या गोळ्यायत तुमची जमीन दिसते का साहेब?"

कुणीतरी फिसकन हसलं. नानासाहेबाचा चेहरा पडला. मला आनंद व्हायला हवा होता. मी जळलो. मला इतकी वर्षं जे बोलता आलं नाही, ते ही पोरगी एका दमात बोलून गेली.

मी पुढे झालो. "साहेब, ही पट्टी म्हणजे आमच्या वस्तीची वाट. आमच्या आईला या वाटेच्या कडेनं अंग चोरून जावं लागायचं."

खोटं. दुःख होतं आमच्या घरात, भरपूर होतं. त्या कागदात नव्हतं.

"वा! आता चित्र बोललं," नानासाहेब म्हणाला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी चित्राशेजारी तशी छापील कागदी पाटी लागली.

उद्घाटन संपवून बाहेर आल्यावर वनिता एवढंच म्हणाली होती, "दादा, मायले काऊन आणलं मधात?"

पाटी लागली त्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकून पुन्हा संग्रहालयात गेलो. एक बाई पाटी वाचून चुकचुकल्या आणि चित्राकडे न बघताच पुढे गेल्या. म्हणजे मी वनिताचं चित्रच पुसलं होतं. नानासाहेबानं माझं पुसलं तसंच.

तो ऑफिसात चहा पीत होता.

"ती पाटी काढा. मी खोटं बोललो."

"राहू दे न बे. लोकायले भिडून राह्यलं ते."

"बे नाही. सर म्हणायचं. आमचं दुःख कुठं मांडायचं, कुठं नाही, ते आम्ही ठरवू."

तो हसला. मी नाही हसलो. बाहेर येऊन पाटी नखानं सोलून काढली. शिपाई बघत राहिला. आडवा आला नाही.

पाटी काढल्याचं वनिताला फोनवर सांगितलं. ती "हाव" म्हणाली, बस. मी जळून बोललो, हे काही सांगितलं नाही. अजून जळतो. ते चित्र माझ्या हातून व्हायला हवं होतं, असं अजून वाटतं.

कुणाला हवं म्हणून यापुढे एकही झोपडं काढणार नाही. ते ठरलं. दुसरं बाकी आहे. देऊळघाटला जाऊन, मायच्या समोर, वनिताला म्हणायचं आहे : तुझं चित्र माझ्यापेक्षा चांगलं आहे, म्हणून मी खोटं बोललो. एवढं मी तिला देणं लागतो.