जनूची तिसरी हाक

खरवईच्या जनूला आता अंधारात दिसत नाही, हे सांगितलं तर गावातली जुनी माणसं हसतील. एके काळी अख्ख्या गावाच्या भातशेतीची राखण ह्याच जनूने केली. शेतातल्या माळ्यावर, म्हणजे लाकडी मचाणावर बसून चिखलातल्या नुसत्या पचपच आवाजावरून तो सांगायचा, एकटं रानडुक्कर आहे की पिलं घेऊन मादी आली आहे. मग शिकार बंद झाली, शेतं गेली, माळ्याच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि उरलंसुरलं साखरेच्या आजाराने उरकलं. दिवेलागण झाली की जनू स्वतःच्या घराचा उंबरठाही चाचपून ओलांडतो. पण हे कबूल करील तर तो जनू कसला!

त्याचा पुतण्या भूपेश. लहानपणी ह्याला जनूने खांद्यावरून माळ्यावर नेलं आणि रानाच्या रीती शिकवल्या. पहिली रीत ही, की अंधार पडल्यावर रानात कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. पहिल्या दोन हाका माणसाच्याच असतील असं नाही. तिसरी आली की मगच ओ द्यायची. पोराने तेव्हा हे घोकून ठेवलं होतं. पुढे जमीन बिल्डरकडे गेली, उरल्या तुकड्यावर भूपेशचं फार्महाऊस झालं, आणि काकाकडे फिरकायला त्याला सवड मिळेनाशी झाली.

एका संध्याकाळी मात्र तो स्वतःहून दारात आला.

"काका, चल. दोन थर्मल दुर्बिनी आल्यान. बंदुकीवं लावाच्या. मिट्ट काळोखान पन जनावर दिसतं. कनची चांगली, ता चेक करू."

"मिट्ट काळोखान?" जनूने विचारलं.

"फुल क्लिअर!"

सखू आतून ओरडली, "फॉरेस्टवाले धरून नेतील, मंग समजल!" पण तिचा नवरा केव्हाच चप्पल शोधायला लागला होता. जन्मात पुतण्याकडे काही न मागितलेला माणूस वाटेत लहान पोरासारखा म्हणाला, "मना पन बघाला देशील ना? एकदाच."

"देतो ना, काका."

फार्महाऊसच्या गच्चीवर अंबरनाथचा महेंद्र, भूपेशचा दोस्त, दोन्ही दुर्बिणी मांडून बसला होता. अंगातली ऊब एकीत पांढरी दिसायची, दुसरीत लाल-पिवळी. "कंपेअर कसं करणार यार?" तो कुरकुरला. "दिवसभर तापलेले दगड पण दिसतायत. हलणारं काहीतरी पाहिजे."

भूपेशने काकाकडे पाहिलं. "काका, तू जरा खाली शेतान जा ना. आनि हातापायावं चाल, डुकरावानी. तुना तर म्हायती हाय."

माहीत होतंच, म्हणून तर ते जास्त झोंबलं. पण त्या यंत्रातून एकदा तरी काळोख बघायचा होता. जनू चाचपडत खाली उतरला, बांध ओलांडला आणि हातापायांवर आला. धसकटं गुडघ्यांत घुसली. आणि लाजेची गोष्ट म्हणजे त्याने ते सोंग झकास वठवलं. थबकला, नाक जमिनीला लावलं, बिचकला, पुढे सरकला. वरून आवाज आला, "एक नंबर!" आणि त्याला बरं वाटलं. पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हे बरं वाटणंच.

मग काळोख पुरता दाटला.

"काका, ये वर!" भूपेशने हाक मारली. जनूने एक मोजली. "काका, ओ!" दुसरी हाक. जनूने ओ देण्यासाठी घसा साफ केला.

तिसरी हाक आलीच नाही. दुर्बिणी केव्हाच पेटीत गेल्या होत्या. "गेला असेल घरी," महेंद्रचा आवाज आला. "रंगीतवालीच बेस्ट आहे. चल, उल्हासनगरला जेवायला जाऊ." गाडी सुरू झाली. पोराला रीत ठाऊक आहे, मीच शिकवलेली आहे, तो हाक मारणार, असं म्हणत जनू बसून राहिला. वाट दिसत नव्हती, हेही खरंच.

जेवणवेळ टळली तेव्हा सखू बॅटरी घेऊन शोधायला आली. "अवो!" ती हाका मारत होती. तिसऱ्या हाकेला जनूने ओ दिली.

"हितं काय करता?"

"भूपेश बोलावनार हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सखूच्या फोनवर भूपेशने व्हिडिओ पाठवला. जनूला पडद्यावर नुसतं धुरकट दिसत होतं. सखूला मात्र स्वच्छ दिसलं. काळं शेत, त्यात हातापायांवर चालणारा तिचा नवरा, पांढराफेक, आणि त्याच्या पाठीवर नेमाची लाल फुली. तो सरके तिकडे फुली सरकत होती. मागे हसणं चाललं होतं.

"मार ना, मार!" महेंद्र म्हणत होता.

"म्हातारा डुक्कर हाय," भूपेशचा आवाज आला. "पलून कुठं जानार?"

जनूने ते ऐकलं. मग त्याने विचारलं, "कसा दिसतं गो त्यान?"

"कायपन दिसत नाय," सखू म्हणाली. "काळोख हाय निस्ता." आणि तिने तो व्हिडिओ पुसून टाकला.

चार दिवसांनी भूपेश पुन्हा आला. दुसऱ्या कुणीतरी आणखी एक दुर्बीण आणली होती. दिवेलागण होऊन गेली होती आणि दार लोटलेलं होतं.

"काका!"

जनू दारामागेच बसला होता.

"काका, ओ!"

सखूने त्याच्याकडे पाहिलं.

"काकाऽ!"

ही तिसरी होती. जनूने ओ दिली नाही. सखूने उठून आतून कडी लावली आणि ती भाकऱ्या थापायला बसली.